सीडीच्या जागी वाटी

उमाव्वा नऊ वर्षांची असताना तिनं एक भांडण ऐकलं, आणि ते तिला जन्मभर पुरलं.

ती चुलीमागं तुरीची डाळ निवडत बसली होती. दारात शेजारची सरजाबाई उभी, आणि तिच्या कडेवर उमाव्वाच्या आईचं पितळी पातेलं. हे पातेलं उमाव्वाच्या वडिलांनी, गुरुपादप्पांनी, मुद्दाम घडवून घेतलं होतं, काठावर नाव कोरून. सरजाबाईनं ते नातवाच्या बारशाला म्हणून नेलं, आणि बारसं झाल्यावर परस्पर शिरूर अनंतपाळला बहिणीकडं पाठवलं. दोन महिन्यांनी आज ते परत आलं होतं.

"तुला दिल्तं मी. तुझ्या बहिणीला न्हाई."

"भांड्याला काय ठावं बाई, चूल कुणाची हाय ते? डाळ शिजल्याशी मतलब."

"भांड्याला ठावं नसंल. पण ज्याचं भांडं हाय, त्याला तर ठावं पायजे का न्हाई?"

"मग काठावर कोरून घ्यायचं व्हतंस, शिरूरला नेऊ नये म्हणून! नाव कोरलंस, हे बी कोरायचं."

आईनं पातेलं हातात घेतलं, आत डोकावली आणि हळूच म्हणाली, "आन् आणलं ते बी रिकामं."

खरा घाव हा बसला. आमच्याकडं उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर का होईना, तळाला टाकतात. सरजाबाईचं तोंड एवढंसं झालं. ती घरी गेली आणि पदराखाली गुळाचा खडा घेऊन आली. भांडण तिथंच मिटलं. बरोबर कोण होतं, हे उमाव्वाला कधी ठरवता आलं नाही. गूळ मात्र चांगला होता.

उमाव्वाचं कागदावरचं नाव उमादेवी. शाळा तिसरीपर्यंत. लग्न होऊन ती उदगिरातच, चौबाऱ्याजवळच्या गल्लीत आली. नवरा वीरण्णा कॅसेटी भाड्यानं द्यायचे. लग्नाच्या कॅसेटी, देवाच्या कॅसेटी, मारामारीच्या कॅसेटी. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या. मग वीरण्णाही गेले. मुलगा अमरेश कॉलेजात होता. त्यानं त्याच फळ्यांवर गेमच्या सीडी मांडल्या. टीव्हीला मशीन लावायचं, त्यात सीडी घालायची, हातात रिमोट धरायचा आणि टीव्हीतल्या माणसाला आपण पळवायचं. पुढं अमरेशला हैदराबादेत नोकरी लागली. जाताना म्हणाला, "अव्वा, आता दुकान बंद कर."

"हाव," उमाव्वा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला विभूती लावून तिनं नेहमीच्या वेळेला दुकानाची फळी काढली.

तिला स्वतःला गेम खेळता येत नव्हता. डब्यावरची इंग्रजी अक्षरंही वाचता येत नव्हती. ती सीडी चित्रावरून ओळखायची आणि तिनंच त्यांची नावं ठेवली होती. दाढीवाला, चेंडूवाले, रागीट बाई, गाडीवाला. हळूहळू सगळं गाव त्याच नावांनी मागायला लागलं.

"उमाव्वा, रागीट बाई हाय का?"

"देगलूरला गेलीय. बेस्तरवारी येईल."

हिशोबाची वही तिनं ठेवलीच नाही. ज्यानं सीडी नेली, त्यानं आपल्या घरची एक स्टीलची वाटी आणून ठेवायची. आमच्याकडच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतातच. सीडीच्या जागी फळीवर वाटी बसायची, आणि ते देवनागरी नाव उमाव्वा बोट ठेवून वाचायची. सीडी परत आली की वाटी परत जायची, पण रिकामी नाही. कधी फुटाणे, कधी साखर, कधी दोन शेंगा. दिवाळीच्या सुट्टीत तर फळीवर एक सीडी दिसायची नाही. नुसत्या वाट्या. लोक विचारायचे, "भांड्याचं दुकान काढलंस काय गं?"

कन्या शाळेत गणित शिकवणारी मंजुषा बाई तिची जुनी गिऱ्हाईक. रागीट बाईची सीडी ती पिशवीत वह्यांच्या खाली लपवून न्यायची. "शाळेत कुणाला सांगू नका हं, उमाव्वा." एकदा सहज तिनं डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"उमाव्वा, यावर लिहिलंय, ही भाड्यानं देऊ नये."

"कुणी लिवलंय?"

"कंपनीनं. परत विकू नये. उसनीही देऊ नये."

उमाव्वानं डबा हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं. "मग घेऊन करावं काय? पूजा?"

मंजुषा हसली. उमाव्वा मात्र हसली नाही. कुणाच्या शब्दाबाहेर जाणं तिच्या जिवाला लागायचं. त्या दिवसापासून तिनं भाडं घेणं बंद केलं. अमरेश पाठवायचा त्यात तिचं भागत होतं. वाटी ठेवा, सीडी न्या.

"पण उसनी देऊ नये असंही आहे ना त्यात," मंजुषा म्हणाली.

"ते सरजाबाईला सांग."

सरजाबाई कोण हे मंजुषाला ठाऊक नव्हतं, आणि सरजाबाई जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

फळीवर एक वाटी मात्र कायमची बसलेली होती. 'हणमंतराव'. हणमंतराव एसटीत ड्रायव्हर होते. अकरा वर्षं त्यांनी उदगीर-माहूर गाडी चालवली. रिटायर झाले आणि दोन वर्षांनी लकव्यानं त्यांचा डावा पाय गेला. "क्लचचाच गेला," ते म्हणायचे, जणू गाडीचाच एखादा भाग निकामी झाला होता. मुलगी सुकन्या उमरीला दिलेली. तिनं वडिलांना मन रमवायला मशीन आणून दिलं. तेव्हापासून गाडीवाला त्यांच्याकडं मुक्कामी होता. गाडीवाला म्हणजे ट्रक चालवायच्या गेमची सीडी. त्यात क्लच नव्हता. रिमोटवर दोन बोटं ठेवली की गाडी चालायची.

दर सोमवारी दुपारी महादेवाचं दर्शन झालं की उमाव्वा फेरीला निघायची. कापडी पिशवीत सीडी, दुसऱ्या पिशवीत वाट्या. शेवटचं घर हणमंतरावांचं. तिथं ती टेकायची. पडदे ओढलेले, पंखा हळूहळू फिरतोय, टीव्हीत परमुलखातला सरळ रस्ता, दोन्ही बाजूंनी पिवळी शेतं. हणमंतराव आरामखुर्चीत, आणि शेजारच्या लोखंडी खुर्चीत उमाव्वा, पिशवी मांडीवर घेऊन. प्रवासी बसतात तशी.

"कुठं जायचं अक्का?"

"कुठं जाती गाडी?"

"बसा तर खरं. मुखेड, नांदेड, भोकर, किनवट." ते एकेक नाव घ्यायचे, आणि टीव्हीतल्या त्या गोऱ्या लोकांच्या गावाला भोकर यायचं. उमाव्वाचे डोळे जड व्हायचे. अर्धवट झोपेत तिला शेंगावाल्यांचा आरडाओरडा ऐकू यायचा, डिझेलचा वास यायचा, आणि कुठंतरी पुढच्या सीटवर वीरण्णा बसलेत असं वाटायचं. त्यांनी तिला माहूरला नेईन म्हणून सांगितलं होतं. दुकानापायी ते राहून गेलं.

"उदगिरात जन्म काढला आन् माहूर न्हाई बघितलं?" हणमंतरावांना हे सोसायचं नाही. "न्हेलं असतं मी. पण ह्या सीडीत घाट न्हाई. सगळा रस्ता सपाट. किनवटपतूर नेतो तुम्हाला, पुढं नेता येत न्हाई. घाट चढल्याबिगर रेणुकामाय भेटंल का?"

त्यांची बायको लक्ष्मीबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली असायची. ती उमाव्वाला हळूच सांगायची, "गियर बदलायच्या टायमाला ह्यांची डावी मांडी हलती, बघा. डॉक्टर म्हणतो भास हाय."

"असू दे की भास. मांडी तर हलती."

आणि एक दिवस सीडी संपली. इतकी फिरली होती की झिजून गेली. मशीन तिला आत घ्यायचं आणि ओठावरचा भात थुंकावा तसं बाहेर टाकायचं. उमाव्वानं चारदा पदरानं पुसली. उपयोग नाही. पुढच्या सोमवारी ती गेली तर हणमंतराव टीव्हीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"आठ दिस झाले, असंच चाललंय," लक्ष्मीबाई म्हणाली. "अर्धी भाकर खाऊन ऱ्हायले. बोलत न्हाईत."

उमाव्वा त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "हणमंतराव, येत्या सोमवारी आणते. घाटाची आणते."

पाठ हलली नाही, पण मान हलली. आणि उमाव्वानं शब्द दिला की दिला.

शनिवारी ती एसटीनं नांदेडला गेली. तिथला शिवप्रसाद जुना व्यापारी. वीरण्णांच्या वेळेपासून माल त्याच्याकडून यायचा. तो म्हणाला, जुना गाडीवाला आता येत नाही, नवा आलाय, त्यात डोंगर आहेत, बर्फ आहे, घाटच घाट आहेत. त्यानं सीलबंद डबा समोर ठेवला. उमाव्वानं तो हातात धरून बघितला.

"हलका लागून ऱ्हायलाय रे."

"नवा माल हलकाच असतो, अव्वा." आणि तो फोनवर बोलायला लागला.

आता उमाव्वाची एक रीत होती. जेवणावळीत वाढण्याआधी आचारी चाखून बघतो, तशी कुठलीही नवी सीडी ती आधी आपल्या मशीनवर लावून बघायची. खराब माल माणसाच्या दारात न्यायचा नाही. हे मशीन अमरेशचं. तो गेला तेव्हा ठेवून गेला होता. रविवारी तिनं मंजुषाला बोलावलं आणि डबा उघडला. आत सीडीच नव्हती. एक कागद होता, आणि त्यावर लांबलचक नंबर.

"हल्ली असंच येतं," मंजुषा म्हणाली. "नंबर टाकायचा, मग गेम आपोआप उतरतो."

"टाक मग. चाखून बघू."

मंजुषानं नंबर टाकला. पाऊण दिवस लागला उतरायला. दिवेलागणीला टीव्हीत डोंगर उभे राहिले. पांढरे, निळसर, आणि त्यांच्या अंगाखांद्यावरून दोरीसारखा वळत गेलेला रस्ता. दोघी बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "घाट हाय," उमाव्वा म्हणाली. "लई मोठा घाट हाय." तिनं टीव्ही बंद केला, कागदाची घडी डब्यात ठेवली आणि समाधानानं झोपली.

सोमवारी हणमंतरावांनी दाढी केली होती. सुकन्या उमरीहून आली होती. तिनंच कागद घेऊन नंबर टाकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा लक्ष्मीबाईनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

"हा नंबर वापरून झालाय म्हणतंय, मावशी."

"आम्ही फक्त चाखला गं. उष्टा न्हाई केला."

कुणाला हसू आलं नाही. हणमंतरावांनी रिमोट अलगद मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ द्या अक्का," ते मायेनं म्हणाले. "गाडी रद्द झाली असं समजू." आणि खुर्ची हळूच भिंतीकडं वळवून घेतली.

ते मायेनं बोलले हेच उमाव्वाला लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिनं शिवप्रसादला फोन केला. तो म्हणाला, तो नंबर एकदाच चालतो. ज्या मशीनवर, ज्याच्या नावावर उघडला, तिथंच गेम राहणार. परत घेता येत नाही, दुसऱ्याला विकता येत नाही, उसना देता येत नाही.

"म्हंजे लगीन लागल्यागत झालं की रे."

"हाव अव्वा. आन् काडीमोड बी न्हाई."

"पूर्वी डब्यावर नुसतं छापत व्हते, देऊ नका म्हणून. द्यायचं का न्हाई ते आपल्या मनावर व्हतं."

"आता मनाचं काम ऱ्हायलं न्हाई," शिवप्रसाद म्हणाला.

उमाव्वा फळीसमोर बसून राहिली. हणमंतरावांची वाटी तिच्याकडं बघत होती. सीडी देता येत नाही. नंबर देता येत नाही. आता देण्यासारखं एकच उरलं होतं, आणि त्याकडं बघायचं ती मघापासून टाळत होती.

अमरेशचं मशीन. त्याचं एक गुपित होतं. रोज दुपारी जेवण झालं की उमाव्वा ते मशीन चालू करायची. खेळायला नाही. चालू केलं की टीव्हीवर निळा उजेड यायचा आणि त्यात अमरेशचं नाव उमटायचं. इंग्रजीत. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांची रांग ती गर्दीतही ओळखली असती. पाच मिनिटं त्या नावासमोर बसायचं, मग बंद करायचं. पोरगा घरी येऊन, पाणी पिऊन गेल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं हैदराबादला फोन लावला.

"अमरेश, तुझं मशीन कुणाला दिलं तर चालंल का रे?"

"ते अजून चालतं? दे की अव्वा. कुणाला देतीस?"

"देत न्हाई. उसनं. सोमवारी न्यायचं, बेस्तरवारी आणायचं."

"तू काय चालवून ऱ्हायलीस तिथं?"

"गाडी," उमाव्वा म्हणाली.

मशीन न्यायचं कशात, हा प्रश्न होता. पिशवीत मावेना, खोक्यात हिंदकळणार नाही याचा भरवसा नाही. शेवटी तिनं माळ्यावरून आईचं पितळी पातेलं काढलं. तळाला गोधडीचा तुकडा घातला, त्यात मशीन बसवलं. असं बसलं, जणू तांबटानं माप घेऊन घडवलं होतं. मंजुषानं निघायच्या आधी मशीन उलटं करून खालची अक्षरं वाचली.

"काय म्हणतंय?"

"पाणी लागू देऊ नये. ऊन लागू देऊ नये." तिनं पुन्हा वाचलं. "उसनं देऊ नये, असं काही मला दिसत नाही, उमाव्वा."

"मग ऱ्हायलं म्हणायचं कोरायचं," उमाव्वा म्हणाली, आणि पातेलं कडेवर घेऊन रिक्षात बसली.

हणमंतरावांच्या घरी मशीन लागलं. निळा उजेड आला, नाव उमटलं.

"हे कोण?" हणमंतरावांनी भिंतीकडची मान वळवली.

"आमचा अमरेश. त्याच्या नावानंच गाडी निघती आता. त्याला इलाज न्हाई."

हणमंतराव नावाकडं बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची फिरवली, रिमोट हातात घेतला आणि खाकरले. "बरं झालं. कंडक्टरबिगर गाडी काढायची न्हवतीच मला. अमरेश, मारा घंटी!"

त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली, म्हणून लक्ष्मीबाईनं सांगितलं.

मग तसं सुरू झालं. सोमवारी पातेलं जायचं, गुरुवारी लक्ष्मीबाई ते परत पाठवायची, आणि रिकामं कधी नाही. पहिल्या खेपेला तिनं मशीनखाली ओली अंबाडीची भाजी भरून पाठवली, तेव्हा मंजुषा किंचाळलीच. मग ठरलं, कोरडंच घालायचं. ज्वारी, शेंगा, येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, कोरड्या फडक्यात बांधून हरभऱ्याचे डहाळे. मधल्या दिवसांत दुपारी उमाव्वा काळ्या टीव्हीसमोर बसायची. पोरगा कामावर गेलाय, गाडी घाटात आहे, असं मनाशी म्हणायची. हैदराबादहून अमरेशच आता अधूनमधून फोन करून विचारायचा, "अव्वा, माझी ड्युटी कशी चाललीय?"

"हणमंतराव म्हणतात, घंटी उशिरा मारतोस."

या हिवाळ्यात, येळवस होऊन आठ-दहा दिवसांनी, एका बुधवारी सकाळी उमाव्वा लिंगैक्य झाली. झोपेतच गेली. अमरेश आला, माती झाली. फळीवरच्या वाट्या मंजुषानं घरोघर पोचवल्या, प्रत्येकीत चमचाभर साखर घालून. पातेलं हणमंतरावांच्या घरी होतं. अमरेश म्हणाला, राहू द्या तिथंच, माझी ड्युटी आहे.

त्याआधीचा सोमवार मात्र नेहमीसारखाच होता.

उमाव्वा दर्शन घेऊन आली. वाट्या भरल्या, पाच घरं केली, देगलूरहून आलेली रागीट बाई मंजुषाच्या हवाली केली. घरी येऊन पातेलं घेतलं आणि हणमंतरावांकडं पोचली. पडदे ओढलेले होते. पंखा बंद, कारण थंडी होती. ती लोखंडी खुर्चीत बसली, शाल पायावर घेतली.

"कुठं जायचं अक्का?"

"आज माहूरच."

"अमरेश, घंटी!"

गाडी निघाली. मुखेड गेलं, नांदेड गेलं. भोकरला हणमंतरावांनी चहापाण्याला थांबवली आणि लक्ष्मीबाईनं खरोखरच चहा आणला. किनवटच्या पुढं रस्ता वर वर चढायला लागला. दोन्ही बाजूंना पांढरा डोंगर. उमाव्वाला ते बर्फ वाटेना. कुणीतरी सगळ्या डोंगराच्या कपाळाला विभूती फासली होती. वळणावर वळण. डाव्या मांडीवरचं हणमंतरावांचं धोतर हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. उमाव्वाची मान हळूहळू खांद्यावर कलली. तिच्या झोपेत गाडी पातेल्यात शिरली, पातेलं केवढं तरी मोठं झालं, काठावरून रस्ता गेला होता आणि रस्त्याकडेला गुरुपादप्पांचं नाव कोरलेलं होतं, एकेक अक्षर घराएवढं. कंडक्टर मागून पुढं येत होता. त्याला तिकीट दाखवायला म्हणून तिनं कनवटीला हात घातला.

"उठा अक्का. माहूर आलं."

तिनं डोळे उघडले. टीव्हीत डोंगरमाथ्यावर एक दिवा लागलेला होता. हणमंतराव घामेजले होते आणि नव्या नवरदेवासारखे हसत होते. उमाव्वानं बसल्या जागी दिव्याला हात जोडले.

"लांब हाय गं बाई," ती म्हणाली. "बरं झालं, बसायला जागा मिळाली."

मग ती उठली. शाल अंगावर घेतली, पिशवीतून फुटाणे भरलेली 'हणमंतराव' वाटी काढून लक्ष्मीबाईच्या हातावर ठेवली. सीडी कधीच गेली होती, वाटी तेवढी द्यायची राहिली होती. दारात चपला घातल्या, गल्लीच्या वळणापर्यंत गेली आणि परत मागं आली.

"वैनी, बेस्तरवारी पातेलं राखेनं घासू नका. नाव झिजून ऱ्हायलंय त्याच्यावरचं. नुसतं फडक्यानं पुसा."

"हाव," लक्ष्मीबाई आतून म्हणाली.

उमाव्वा रिकाम्या पिशव्यांची घडी करत घराकडं चालू लागली.